आधी पूर्वपक्ष

नात बारावी झाली. गुण उत्तम. "मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणार," ती म्हणाली आणि घरात एकदम शांतता पसरली. "आणि पोटापाण्याचं काय?" मुलाने विचारले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. जन्मभर बँकेत कर्जप्रकरणे तपासणारा माणूस व्यवहाराच्याच बाजूने बोलणार, अशी त्यांची खात्री होती.

मुलाचा प्रश्न खोटा नाही. या पदवीवर थेट नोकरी मिळणे कठीण. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए., मग नेट, मग जागा निघण्याची वाट पाहणे. ज्याच्या मागे घरात कोणी कमावते नाही, त्याला मी "डोळे मिटून घे" असे म्हणणार नाही.

पण अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारणारे प्रताप शेठ गिरणीमालक होते. जमाखर्च त्यांना आपल्याहून अधिक कळत असणार! साने गुरुजी काही काळ तिथे शिकले.

या अभ्यासात मिळते काय? आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडतात. समोरच्याचे म्हणणे त्यालाही पटेल इतक्या ताकदीने मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी परंपरेतले पंडित आणि विद्यापीठांतले प्राध्यापक समोरासमोर बसवले. बर्ट्रांड रसेलचे विचार संस्कृतात मांडून त्यांवर चर्चा झाली. एरवी एकमेकांची पुस्तके न उघडणारी माणसे एकमेकांचे ऐकू लागली.

मला हे उशिरा कळले. एका विणकराचे कर्जप्रकरण मी दोन ओळींच्या टिपणीत नामंजूर केले होते. कारणे नियमाला धरून होती. पण त्याची बाजू मी कागदावर उतरवलीच नव्हती. उतरवली असती तर कदाचित निर्णय तोच झाला असता. पण मग तो माणूस आजही माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला नसता.

मी नातीला म्हटले, "आधी बाबांची बाजू मांड." ती दहा मिनिटे बोलली. फी, नोकरी, लोक काय म्हणतील, बाबांची निवृत्ती, काही सोडले नाही. मुलगा हळूच म्हणाला, "मला हेच म्हणायचं होतं. इतकं नीट जमलं नसतं." मग तिने आपली बाजू मांडली.

विद्यार्थी थोडे म्हणून हा विषय गुंडाळू पाहणाऱ्यांनी निदान एवढे करावे: आधी त्याचा पूर्वपक्ष ऐकावा.

प्रवेशअर्जावर पालक म्हणून सही मुलानेच केली. काळजी त्याच्या चेहऱ्यावर तशीच होती. ती असायचीच.