विशेष शिक्षकाच्या पाठीशी कोण?

प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे राज्यात 4,860 विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांसाठी तो हवाच होता. पण केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे, शाळांचा गट. सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात तर केंद्र म्हणजे वाड्यावाड्यांतून, खाड्यांच्या अल्याडपल्याड विखुरलेल्या कमी पटाच्या शाळा. तिथे नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात अडचण जाणवते. ती अडचण तिच्या कुवतीची नसते.

विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. सहसा एकेका अपंगत्वाचे असते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र 21 प्रकार आहेत. श्रवणदोषाची पदविका घेतलेल्या शिक्षिकेला एका शाळेत स्वमग्न मूल भेटते, दुसरीत सेरेब्रल पाल्सीचे, तर तिसऱ्या वाडीत घराबाहेर न पडू शकणारे, गृहाधारित शिक्षणाच्या यादीतले. प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा तिनेच करायचा. शंका आली तर विचारायचे कुणाला? मुख्याध्यापकांना या विषयाचे प्रशिक्षण नसते, केंद्रप्रमुख अहवालांत बुडालेले असतात. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ शाळेपर्यंत येत नाहीत; अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा पालकांना जिल्ह्याच्या ठिकाणाची, ओरोसची वाट धरावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 मधील आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. हे प्रमाण आवश्यकच आहे. पण विरळ वस्तीच्या किनारी भागात दहा मुले दहा वाड्यांत असू शकतात. कागदावरचे प्रमाण पाळले गेले तरी शिक्षिकेचा दिवस एसटीच्या वेळापत्रकात जातो आणि मुलाच्या वाट्याला आठवड्यातला जेमतेम एखादा तास येतो. उरलेले दिवस त्याला कोण शिकवणार? वर्गशिक्षकच. म्हणून वर्गशिक्षकाला तयार करणे हे विशेष शिक्षिकेचे मुख्य काम मानले पाहिजे. त्यासाठी तिच्या फिरतीत राखीव वेळ हवा आणि त्या वेळात शाळेने तिच्यावर बदली तासिका लादू नयेत.

भाषेचाही प्रश्न आहे. घरात मालवणी ऐकून वाढलेल्या मुलाची चाचणी प्रमाण मराठीतल्या प्रश्नांवर घेतली, तर भाषेच्या अडचणीवर बौद्धिक अक्षमतेचा शिक्का बसण्याचा धोका असतो. बाहेरून आलेल्या शिक्षिकेला हे कुणीतरी आधी सांगायला हवे. अंगणवाडी सेविका ते सहज सांगू शकते.

किनाऱ्याचे स्वतःचे वेळापत्रकही कामी येऊ शकते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात मच्छीमार घरांत आई-वडील दोघेही भेटण्याची शक्यता जास्त. पालकांना घरच्या घरी करायचे व्यायाम आणि सवयी शिकवण्याच्या भेटी तेव्हा ठेवता येतील. असे नियोजन मुंबई-पुण्यात बसून सुचणार नाही.

जिल्हा परिषदेने येत्या जूनपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नव्या विशेष शिक्षकाला पहिल्या वर्षासाठी वेगळ्या विषयात प्रशिक्षित असा एक अनुभवी सहकारी नेमून द्यावा. गट साधन केंद्रात महिन्यातून एक दिवस केवळ मुलांच्या आराखड्यांवर चर्चेसाठी राखून ठेवावा; त्या दिवशी माहितीचे तक्ते मागू नयेत. आणि जिल्हा रुग्णालयातले तज्ज्ञ ठरलेल्या तारखेला तालुक्यात येतील, अशी व्यवस्था लावावी.