एका णकारावरून

रयतेचे पोर शाळेत पहिल्यांदा तोंड उघडते, ‘पानी’ म्हणते, आणि सारा वर्ग खो खो हसतो. गुरुजीही हसतात! मग ते महिनेन्‌महिने मुके बसते व ‘मंदबुद्धी’ हा शेरा त्याच्या कपाळी येतो. फाळ, रुमणे, इसाड, जू, शिवळ ही औताची नावे ज्याला मुखोद्गत, तो मंद कसा? सुताराच्या पोराला वाकस नि रंधा ठाऊक, कुंभाराच्याला आवा. हे शब्द त्यांच्या धड्यांत कितीसे सापडतात?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली की, प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईतो शेतकरीवर्गातूनच तयार करावेत. ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील. आज आमच्यातलेच कितीतरी गुरुजी झाले आहेत. पण खुर्चीवर बसताच त्यांनाही आईची बोली गावंढळ वाटू लागते, हे आम्हांस अधिक झोंबते.

ग्रंथांची मराठी नको, असे आमचे म्हणणे नाही. अर्जफाटे, कोर्टकचेरी तिच्यातच चालतात. ती आलीच पाहिजे. परंतु घरची बोली हिणवून ती येत नसते. बांधवांनो, पुढल्या पालकसभेस मार्कांआधी एवढेच विचारा: आमचे पोर वर्गात बोलते काय?