जितेश बडोद्याला गेला, त्यात आपलं काय गेलं?

"काहून गेला बे हा बडोद्याले?"

2025 च्या जुलैमध्ये बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज हा होता. अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भाचा संघ सोडून बडोद्याकडून खेळणार. संध्याकाळी गिल्या वड्याच्या गाडीवर तोच विषय. एक म्हणे, "विदर्भानं मोठं केलं अन् हा पळाला." दुसरा म्हणे, "पैसा बोलते भाऊ." गंमत अशी, की दीड महिन्याआधी हेच पोट्टे त्याच्या नावानं स्टेटस ठेवत होते.

ते स्टेटस उगाच नव्हते. 27 मे 2025, लखनौ. समोर 228 धावांचं लक्ष्य, बंगळुरूची कप्तानी तात्पुरती जितेशकडे, आणि त्यानं 33 चेंडूंत नाबाद 85 ठोकल्या. त्या विजयानं संघ पहिल्या दोनांत गेला. 3 जूनला अहमदाबादच्या फायनलमध्ये त्याच्या 10 चेंडूंत 24 धावा. धावफलकात हा आकडा बारीक दिसतो, पण बंगळुरूनं ती फायनल जिंकली फक्त 6 धावांनी. आयपीएलच्या अठराव्या हंगामात त्यांना पहिली ट्रॉफी मिळाली, आणि तिच्यात आपल्या अमरावतीच्या पोराचा वाटा होता.

मग तो 'पळाला' कसा?

आधी त्याचा प्रवास नीट बघू. जितेशचा जन्म 1993 चा. त्याला जायचं होतं सैन्यदलात. क्रिकेट सुरू केलं ते खेळाडूंना मिळणाऱ्या जादा गुणांसाठी, हे त्यानंच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे आपल्यातले निम्मे जण ज्या हिशेबानं ग्राउंडवर उतरतात, त्याच हिशेबानं. 2016 मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला घेतलं, पण तिथं त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. आयपीएलमध्ये तो प्रत्यक्ष उतरला 2022 मध्ये, पंजाबकडून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 20 लाखांच्या मूळ बोलीवर. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून पहिला सामना. 2024 च्या नोव्हेंबरमधल्या लिलावात बंगळुरूनं 11 कोटी मोजले. 20 लाखांचे 11 कोटी, म्हणजे 55 पट. पण 2016 ते 2022 ही सहा वर्षं कोणत्याच रीलमध्ये दिसत नाहीत. त्या काळात घरी येणारा प्रत्येक पाहुणा काय विचारत असेल, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. "मग पुढं काय ठरवलं?"

आता बडोद्याचं. विदर्भाच्या रणजी संघात यष्टिरक्षक आहे अक्षय वाडकर, आणि तोच कप्तान. यष्टींमागं जागा एकच असते. 2024-25 च्या रणजी हंगामात जितेशला एकही सामना मिळाला नाही. संघानं रणजी करंडक जिंकला, म्हणजे निवड चुकली असंही म्हणता येत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी तिशी ओलांडलेल्या माणसानं काय करायचं? बाकावर बसून निष्ठा दाखवायची, की जिथं खेळायला मिळेल तिथं जायचं?

आणि निष्ठेचंच बोलायचं तर विदर्भाचा स्वतःचा हिशेब काढू. वसीम जाफर मुंबईचा. तो इकडं आला आणि 2017-18, 2018-19 असे सलग दोन रणजी करंडक आपण जिंकले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. करुण नायर कर्नाटकचा. 2024-25 च्या रणजी फायनलमध्ये केरळविरुद्ध त्याच्या 86 आणि 135 धावा होत्या. तेव्हा आपण जामठ्यावर टाळ्या वाजवल्या. "तू कर्नाटक काहून सोडलं बे?" असं कोणी विचारलं नाही. दोन हंगाम खेळून तो परत कर्नाटकात गेला, तेव्हाही आपण त्याला शुभेच्छाच दिल्या. येणारा तो प्रोफेशनल आणि जाणारा तो गद्दार, हे काही बरोबर नाही.

हे मला इतकं टोचायचं कारण क्रिकेट नाही. माझी ताई तीन वर्षांपासून पुण्यात नोकरी करते. आई सगळ्यांना अभिमानानं सांगते, "पोरगी पुण्याले सेट झाली." तिला कोणी गद्दार म्हणत नाही. अमरावतीहून, अकोल्याहून रोज रात्री पुण्याकडं निघणाऱ्या ट्रॅव्हल्स बघा. त्यात बसलेला प्रत्येक जण बडोद्यालाच चाललाय की! डिग्री झाली की आपणही बॅग भरणार. मग खेळाडूनं तेच केलं तर राग का येतो? मला वाटतं, आपण खेळाडूकडून ती निष्ठा मागतो, जी आपल्याला स्वतःला परवडत नाही.

अर्थात, दुसरी बाजू खोटी नाही. माझा एक मित्र डावखुरा फास्ट बॉलर होता. 'होता' म्हणतोय, कारण आता तो पोलीस भरतीची तयारी करतो. नागपूर इथून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशेच्या आसपास. सिलेक्शनला जायचं म्हणजे पहाटेची गाडी, दिवसभर थांबणं, रात्री परत. अशा पोराला जवळचा एक माणूस दिसावा लागतो, जो नेटमध्ये येऊन म्हणेल, "मनगट असं ठेव." जाणारा गेला की तो माणूसही जातो. मित्र परवा म्हणाला, "त्यानं जावं ना बावा, माही ना नाही. पण गेला की मले कोण पायते?" या प्रश्नाला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं.

एक उत्तर मला सापडलं ते ऑस्ट्रेलियात. तिथं रग्बी लीग नावाचा खेळ आहे. तेरा-तेरा खेळाडू, आपल्या कबड्डीसारखी पकड आणि हातात चेंडू घेऊन धाव. क्वीन्सलँड राज्याचे चांगले खेळाडू पैशासाठी सिडनीच्या क्लबांत जायचे. नियमच असा होता, की ज्या राज्यात क्लब, त्या राज्याकडून खेळायचं. म्हणजे क्वीन्सलँडचीच पोरं न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडला हरवायची! 1980 मध्ये तोडगा निघाला, 'स्टेट ऑफ ओरिजिन'. वर्षभर नोकरी कुठंही करा, या सामन्यात मात्र जिथं पहिल्यांदा खेळलात त्या राज्याकडून उतरा. आर्थर बीटसन तेव्हा 35 वर्षांचा होता, आयुष्याची उमेदीची वर्षं सिडनीत घालवलेला. तो क्वीन्सलँडचा कप्तान म्हणून ब्रिस्बेनच्या मैदानात उतरला आणि क्वीन्सलँडनं तो सामना 20-10 असा जिंकला.

आजचं उदाहरण ब्रायन तोओचं. सामोअन वंशाचा, सिडनीच्या पश्चिम भागातला, मैदानाच्या कडेनं धावणारा विंगर. पेनरिथ क्लबनं 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं जिंकली, त्या संघाचा तो खेळाडू. 2022 मध्ये तो न्यू साउथ वेल्सकडूनही खेळला आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपला आईवडिलांच्या सामोआकडूनही. छोट्याशा सामोआनं सेमीफायनलमध्ये इंग्लंडला 27-26 असं हरवून फायनल गाठली. फायनल ऑस्ट्रेलियानं जिंकली, तो भाग वेगळा. क्लब एक, राज्य एक, मूळ एक. कुणालाच त्यात गद्दारी दिसली नाही, कारण प्रत्येक नात्याला कॅलेंडरमध्ये जागा ठरवून दिली होती.

आपल्याकडं ही जागा कुणी ठरवलेलीच नाही. गेलेल्यांना आपण शिव्या देतो किंवा त्यांचे स्टेटस ठेवतो. त्यांना बोलावत मात्र नाही.

मग बोलवूया ना! ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, जिथली पोरं 1936 मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली, त्या गावाला हे जड नाही. दिवाळीत पुण्या-मुंबईहून सगळे घरी येतातच. त्या आठवड्यात प्रत्येक कॉलेजनं एक दिवस ठरवावा. सकाळी माजी खेळाडूंनी ज्युनिअर पोरांना नेटमध्ये शिकवायचं, दुपारी सामना. अकोल्यात अथर्व तायडे आहे. 2025 च्या इराणी करंडकात विदर्भाकडून 143 धावा काढणारा हा अकोल्याचा पोरगा. अमरावती विरुद्ध अकोला असा सामना लावला तर तिकिटाची गरज पडणार नाही, गर्दी आवरायला माणसं लागतील. मोठे खेळाडू आलेच तर सोनं. नाही आले तर विद्यापीठाकडून खेळून आज बँकेत, पोलिसांत, शाळेत असलेले कितीतरी जण आहेत. मनगट कसं ठेवायचं, हे त्यांनाही माहीत आहे.

यासाठी कुठल्या असोसिएशनची परवानगी लागत नाही. लागतं एक ग्राउंड, दहा बॉल, आणि आपल्यातला एक जण, जो फोन करेल.

माझ्या मित्राचं ग्राउंड अजून सुटलेलं नाही, भरतीसाठी तो रोज पहाटे पळतोच. या दिवाळीत मी त्याला बॉल घेऊन यायला सांगितलंय. म्हणाला, "कोण येणार आहे ते सांग आधी." मी दोन नावं मिळवलीत. तिसरं तुम्ही सुचवा.