चाळीस मिनारांपाशी थांबलेला सफीर

स्पेनचा राजा तिसरा फिलिप याने इराणच्या शाह अब्बासकडे धाडलेला सफीर म्हणजे डॉन गार्सिया दे सिल्वा ई फिगेरोआ. एप्रिल १६१४ मध्ये लिस्बनहून निघाला तेव्हा त्याची साठी उलटली होती. नोव्हेंबरात गोव्याला पोचला आणि तिथेच दोन वर्षांहून जास्त अडकला. स्पेन आणि पोर्तुगालचा राजा तेव्हा एकच. पण होर्मुझच्या कारभारात स्पॅनिश माणसाने नाक खुपसावे हे गोव्याच्या पोर्तुगीज अंमलदारांना रुचेना. आज-उद्या करीत त्यांनी त्याला ताटकळत ठेवले. आपल्याच माणसांनी वाट अडवावी, यापरते काय?

अखेर १६१७ मध्ये तो होर्मुझला उतरला. पुढच्या वर्षी शिराझहून इस्फहानकडे जाताना वाटेत ओसाड मैदानात उंच खांब दिसले. आसपासचे लोक त्या जागेला ‘चिहल मिनार’ म्हणत. आपल्या घरांत चेहलुम हा शब्द आहेच. चिहल म्हणजे चाळीस. जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांतली वर्णने आठवून फिगेरोआने ताडले, की सिकंदराने जाळलेली इराणी बादशहांची राजधानी पर्सेपोलिस ती हीच.

भिंतींवरची अक्षरे त्याने निरखून पाहिली. ती अरबी नव्हती, इब्रानी नव्हती, ग्रीकही नव्हती. एकेक खूण लांबट त्रिकोणी, टोकदार, असे त्याने टिपून ठेवले. फारसीत या लिपीला ‘मीखी’ म्हणतात. आपल्या मराठीतली मेख तीच! ती वाचण्याची पहिली किल्ली १८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन माणसाला सापडली. तो शाळामास्तर होता, हे आम्ही अंमळ अभिमानानेच सांगतो.

सफारतीचे म्हणाल तर हाती काही लागले नाही. १६१८ च्या उन्हाळ्यात कझवीनला शाहने भेट दिली, नजराणे घेतले, पाहुणचार केला. पण बहरीन आणि होर्मुझसमोरचा गोम्ब्रून किनारा परत करा, ही मागणी त्याने मानली नाही. का मानावी? तो मुलूख त्याच्या फौजेने घेतलेला होता. १६२२ मध्ये इंग्रजी जहाजांच्या मदतीने त्याने होर्मुझही घेतले.

तेव्हा फिगेरोआ पुन्हा गोव्यातच मायदेशाच्या जहाजाची वाट पाहत होता. जहाज मिळाले १६२४ मध्ये. त्याच जुलैत अझोर्स बेटांच्या अलीकडे, समुद्रातच त्याचा अंत झाला. त्याच्या वह्या तेवढ्या स्पेनला पोचल्या.