‘जगाच्या पाठीवर’ आणि आपण चाहते

रामनवमीच्या संध्याकाळी परंड्यात आमच्या आळीतल्या एखाद्या ओसरीवर पेटी-तबला येतो, दहा-पंधरा माणसे जमतात आणि ज्याला जे येते ते तो गीतरामायणातले गातो. एखाद्याचा स्वर वर-खाली झाला तरी कोणी मनावर घेत नाही. कारण ऐकणाऱ्याच्या कानात त्या वेळी समोरचा गाणारा नसतोच, बाबूजी असतात. अशाच एका बैठकीनंतर चहा घेताना सुधीर फडके यांच्या ‘जगाच्या पाठीवर’ या आत्मचरित्राचा विषय निघाला. २०२४ मध्ये ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हा चित्रपट आला, त्यानंतर माझ्याकडची प्रत गावात हातोहात फिरली होती. त्यामुळे बहुतेकांनी पुस्तक वाचलेले होते. सगळे एका सुरात वाखाणतील, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात बाबूजींवर सारखेच प्रेम करणारी माणसे त्या पुस्तकावरून अर्धा तास एकमेकांशी वाद घालत राहिली.

गाणे शिकवणाऱ्या एका ताईंची तक्रार सरळ होती. ‘‘शेवटपर्यंत वाट पाहिली, गीतरामायण आलेच नाही.’’ आमचे एक निवृत्त गुरुजी, ज्यांचा शब्द आम्ही सहसा खाली पडू देत नाही, ते म्हणाले, ‘‘हे छापायलाच नको होते. एवढ्या मोठ्या माणसाने आपले दैन्य असे चारचौघांत का मांडावे?’’ आणि पुण्याहून सुटीवर आलेला एक तरुण अभियंता म्हणाला, ‘‘काका, मला तर फारच आवडले. काय जबरदस्त स्ट्रगल आहे!’’

तिन्ही मते प्रामाणिक होती. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरे.

ज्यांनी पुस्तक पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बाबूजींचा जन्म २५ जुलै १९१९ चा, कोल्हापूरचा. मूळ नाव रामचंद्र. २९ जुलै २००२ रोजी ते गेले. आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आले आणि ते अपूर्ण आहे. कोल्हापूरचे बालपण, घराला आलेली उतरती कळा, मुंबईतील उपासमार, केवळ गळ्याच्या आधारावर उत्तर हिंदुस्थानात केलेली भटकंती, हा त्याचा मुख्य ऐवज. महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले ते बाबूजी त्यात फारसे भेटतच नाहीत. भेटतो तो एक उपाशी, हट्टी, अपमान न विसरणारा तरुण.

ताईंचे दुःख मला कळते. गीतरामायण सुरू झाले १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून. दर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने ५२ ऐवजी ५६ झाली. (परंडा तेव्हा हैदराबाद राज्यात होते, पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो.) गदिमांची शब्दकळा आणि बाबूजींची चाल यांतून हे कसे साकारले, कोणत्या गीताला काय अडले, हे त्यांच्याच लेखणीतून वाचावे असे कोणाला वाटणार नाही? पण थोडा विचार केला की ध्यानात येते, गीतरामायण तर आपल्यापाशी आहेच. त्याच्या आठवणी सांगणारे कित्येक आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, घराघरांत ते तोंडपाठ आहे. आपल्यापाशी नव्हते ते त्याआधीचे. ज्या गळ्यातून ती गीते आली, त्या गळ्याने कधी काळी पोटासाठी कुठे कुठे गायले, हे बाबूजींखेरीज कोणालाच सांगता आले नसते. लिहायला बसलेल्या माणसाने ते आधी सांगितले. पुढचे सांगायला आयुष्य पुरले नाही.

अपूर्णतेचे माझेही एक दुःख आहे, मात्र ते गीतरामायणाचे नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात हा संगीतकार स्वतः उतरला होता; पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात अडकलेल्या मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली; आणि आयुष्याच्या संध्याकाळी लोकवर्गणीतून ‘वीर सावरकर’ हा चित्रपट उभा केला, तो २००१ मध्ये पडद्यावर आला. चाली बांधणारा माणूस अशा कामांत काय विचार करून उतरला, रात्री त्याला भीती वाटली का, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते तर स्वयंसेवकांच्या कित्येक पिढ्यांना ती शिदोरी ठरली असती. ते गेले ते गेलेच.

आता गुरुजींचा आक्षेप. तो मला सर्वांत अधिक झोंबला, कारण एकेकाळी तो माझाच होता. पुस्तक नवे असताना मी बार्शीहून आणले आणि शंभरेक पाने वाचून कपाटात ठेवून दिले. उपाशी बाबूजी मला पाहवेनात. ज्यांच्या आवाजात प्रभू रामचंद्र ऐकले, त्यांना भुकेने व्याकूळ झालेले वाचणे हा मला आपलाच अपमान वाटला. तो अपमान नेमका कशाचा, याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली, आणि ते मिळाले स्वतःच्या घरात.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या तालुक्यात रस्त्यांची, नालाबांधणीची, पाझर तलावांची कामे निघाली होती. मिलोच्या लाल भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी आमच्या पिढीला चांगली आठवते. वडील त्या आधी एका दुकानात हिशेब लिहीत. दुकान बसले होते. ते रोज सकाळी धुवट सदरा घालून कामावर जात आणि आम्हांला सांगत, ‘‘मी मस्टर लिहायला आहे.’’ आम्ही शाळेत तेच सांगायचो. त्यांच्या मृत्यूनंतर आई एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली की ते मस्टर लिहीत नव्हते, त्यांचे नाव मस्टरवर होते. ते खडी फोडत होते. धुवट सदरा काम सुरू होण्यापूर्वी घडी करून पिशवीत ठेवीत आणि सुटी झाल्यावर पुन्हा घालून घरी येत. हाताला फोड आले की आम्हांला सांगत, दौतीचे टोपण लागले. इतके विसंगत कारण आम्ही कसे मानले, कोण जाणे.

या गावात पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ल्यावर नेतो आणि मुलुखमैदान तोफ मुळात आमच्या किल्ल्यावरची, १६३२ मध्ये ती विजापूरला गेली, हे छाती फुगवून सांगतो. चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या तोफेची हकीकत आम्हांला मुखोद्गत आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच वाड्यांतली कोणकोणती माणसे रस्त्यावर खडी फोडत होती, हे मात्र कोणी उच्चारत नाही. वस्तुतः त्यात लाजण्यासारखे काय होते? कष्टाचे काम होते, चोरी नव्हे. तरीही पांढरपेशा घराने ते झाकले. वडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यांनी ते सांगितले असते, तर कॉलेजात असताना चपलेवरून, कपड्यावरून मी त्यांच्याशी जे बोललो ते बोललो नसतो.

आईचे ते वाक्य ऐकल्यावर काही दिवसांनी मी कपाटातून ‘जगाच्या पाठीवर’ काढले आणि उरलेले पुस्तक वाचले. जे माझ्या वडिलांना साधले नाही, ते या माणसाने केले होते. कीर्तीच्या शिखरावर असताना, जेव्हा काहीही सांगण्याची गरज नव्हती, तेव्हा त्यांनी आपला उपास सांगितला. धुवट सदरा घातला नाही. गुरुजी ज्याला दैन्याचे प्रदर्शन म्हणतात, त्याला मी धैर्य म्हणतो; आणि हा मतभेद आमच्यात बहुधा राहणार आहे.

चाहत्यांची ही कुचंबणा नवी नाही. हंसा वाडकर यांनी अरुण साधू यांच्यापाशी आपले आयुष्य मोकळे केले आणि १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्याच नावाच्या १९५९ च्या चित्रपटावर जीव टाकणारा प्रेक्षक गडबडला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला होता. पडद्यावरची नायिका हवीहवीशी होती. तिने सोसलेले आणि तिच्या हातून घडलेले मात्र अनेकांना नकोसे वाटले. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्या पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ काढला, त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग तीच हकीकत प्रतिष्ठितांच्या बैठकीत कौतुकाने बोलली जाऊ लागली.

१९९० मध्ये सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले, तेव्हा तर मध्यमवर्गीय मराठी घरे दोन तटांत विभागली गेली. पुलंचा घरातला विसरभोळेपणा, संसाराचा भार दुसऱ्यावर टाकण्याची सवय हे सारे पत्नीच्या लेखणीतून वाचताना एका तटाला वाटले, या बाईंनी आमच्या भाईंना लहान केले. दुसऱ्या तटाने, त्यात बहुधा गृहिणी अधिक, आपल्याच घरचे वाचल्यासारखे ते पुस्तक उशाशी ठेवले. आमच्या घरीही मी पहिल्या तटात होतो आणि सौ. दुसऱ्या. आज मागे वळून पाहता तिचे वाचन माझ्यापेक्षा चांगले होते, असे म्हणावे लागते. मी पुलंना शोधत होतो. ती पुस्तक वाचत होती.

पश्चिमेकडेही निराळे काही नाही. तिकडचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने २०१६ मध्ये आत्मचरित्र लिहिले आणि आपल्याला ग्रासणाऱ्या नैराश्याविषयी उघड सांगितले. हजारोंच्या मैदानात तीन-तीन तास गाणारा हा धट्टाकट्टा गडी आतून असा, हे त्याच्या चाहत्यांना पचवावे लागले. गंमत अशी, की त्याने पुस्तकाला आपल्याच १९७५ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव दिले, ‘बॉर्न टू रन’. हंसाबाईंच्या पुस्तकाला त्यांच्या चित्रपटाचे नाव, बाबूजींच्या पुस्तकाला त्यांनी संगीत दिलेल्या १९६० च्या चित्रपटाचे. लोकांना ठाऊक असलेल्या दारातूनच त्यांना आत बोलवायचे आणि मग ठाऊक नसलेली खोली दाखवायची, असा काहीसा तो प्रकार असावा.

राहता राहिला तो तरुण अभियंता. त्याला पुस्तक आवडले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण ‘स्ट्रगल’ हा शब्द माझ्या कानाला टोचला. हल्ली प्रत्येक यशस्वी माणसाची उपासमार ही यशाची पहिली पायरी म्हणून सांगितली जाते; जणू भूक ही गुंतवणूक होती आणि कीर्ती हे तिचे व्याज. भुकेल्या बाबूजींना पुढे गीतरामायण होणार आहे, हे ठाऊक नव्हते. त्यांच्यासारखेच गाणारे, तितकेच उपाशी राहिलेले किती जण त्याच रस्त्यांवर नाहीसे झाले असतील, ज्यांचे आत्मचरित्रही नाही आणि अपूर्ण आत्मचरित्रही नाही. पुस्तक नेमके त्या ठिकाणी थांबते, जिथून व्याज सुरू होते. चित्रपटाला तिथे थांबता येत नाही, प्रेक्षकाला गीतरामायण द्यावेच लागते. आणि सुनील बर्वे यांनी ते मन लावून उभे केले आहे, याविषयी दुमत नाही. पण पुस्तकातली ती अनिश्चितता पडद्यावर येत नाही.

हे सारे मी त्या तरुणाला बोललो. तो ऐकून घेतो, हे त्याचे चांगले. म्हणाला, ‘‘काका, मग तुमच्या वडिलांचे लिहून ठेवा ना.’’ मी विषय बदलला. हा लेख लिहिताना ते थोडेसे लिहिले गेले.

गुरुजींना मी पुस्तक पुन्हा एकदा वाचायला दिले आहे. त्यांनी घेतले, हे विशेष. दोन महिने झाले, परत आलेले नाही. परवा बाजारात भेटले तेव्हा पुस्तकाबद्दल काही बोलले नाहीत. बहात्तर साली आमचे वडील कोणत्या रस्त्याच्या कामावर होते, एवढेच त्यांनी विचारले. मी सांगितले. ‘‘मी त्याच रस्त्यावर होतो,’’ असे म्हणून ते भाजी घ्यायला वळले.