दाराआडचा आकडा

माझ्या नवऱ्याला पाऊण टनी ट्रक हवा आहे. सध्या दारात आहे तो अर्धा टनी. कोलोरॅडोत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी लव्हलँड नावाच्या गावात आम्ही राहतो आणि इथे ही मागणी बऱ्याच घरांत होते. कारणही बहुतेक तेच असतं: मागे ओढायचा ट्रेलर. झोपायची सोय, ओटा, शेगडी, फ्रिज, इवलंसं संडास-बाथरूम असं चाकांवरचं बिऱ्हाड. फक्त त्याला स्वतःचं इंजिन नसतं. शुक्रवारी संध्याकाळी ते ट्रकच्या हुकाला अडकवायचं आणि डोंगर गाठायचा.

माझा या खरेदीला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर हा लेख घरात वाचला जायचा आणि संध्याकाळचा चहा मला एकटीला प्यावा लागायचा. विरोध आहे तो ही खरेदी ज्या आकड्याकडे बघून होते, त्या आकड्याला.

अर्धा टनी, पाऊण टनी ही इथली जुनी भाषा. ट्रकच्या हौद्यात किती वजन टाकता येतं, त्यावरून ती पडली. आता अर्धा टनी ट्रकही त्याहून जास्त वजन घेतो, पण नावं चिकटली ती चिकटली. फोर्डचा एफ-१५०, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० हे अर्धा टनी. त्यांचे २५० आणि २५०० क्रमांकाचे थोरले भाऊ पाऊण टनी. ३५० आणि ३५०० एक टनी. आणि जाहिरात कुठल्याही भावाची असो, पडद्यावर ठळक येतो तो ओढण्याचा आकडा. आमचा ट्रक कागदावर पाच टन ओढतो. आमचा ट्रेलर सामानसुमान भरून सव्वातीन टनांच्याही आत. मग हा दांडगा ट्रक कशाला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं.

ओढण्याचा आकडा खोटा नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो काढायची आणि दरवर्षी शेजारच्या कंपनीपेक्षा थोडा वर सरकवायची. मग मोटार अभियंत्यांच्या संघटनेने एक सामाईक चाचणी ठरवली. टोयोटाने ती २०११च्या मॉडेलपासून मानली, तिन्ही अमेरिकन कंपन्या २०१५च्या आसपास वाटेवर आल्या. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ सव्वाअकरा मैलांहून लांब चढ आहे. वाळवंटातलं ऊन, एसी पूर्ण चालू, मागे भरलेला ट्रेलर, आणि ट्रकचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे. फक्त त्या हिशेबात ट्रकमध्ये बसतात ड्रायव्हर आणि शेजारी एक जण, दोघेही १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. मुलं नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात सायकली नाहीत. असं सडपातळ आणि निपुत्रिक कुटुंब ट्रेलर घेऊन नेमकं कुठे चाललंय, कोण जाणे.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर, कमरेच्या उंचीला, एका पिवळ्या पट्टीच्या कागदावर असतो. टायरमध्ये हवा किती भरायची हे सांगणारा तो कागद. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त वजन कधीही होता कामा नये. किलोही असतात, पौंडही असतात. आमच्या दारावर लिहिलंय ६७१ किलो. आम्ही त्या दारातून वर्षानुवर्षं आत-बाहेर केलं, पण तो कागद वाचला नव्हता. इथे कोणीच वाचत नाही. माझ्या ओळखीतल्या ट्रकवाल्यांना मी विचारून बघितलंय.

आता हिशेब मांडते, कारण घरात मांडला तेव्हा तो ऐकायला कोणी थांबलं नाही. ट्रेलर भरून ३,१०० किलो. त्याचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण पुढची दांडी ट्रकच्या हुकावर दाबून बसते. हा दाब एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावाच लागतो, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. आमचे धरा ४०० किलो. तो दाब पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा लोखंडी जोड ४५ किलोंचा. आम्ही चौघं मिळून २७०. कुत्रा २८. हौद्यात जनरेटर, दोन सायकली, सरपण असे ९०. बेरीज ८३३. परवानगी ६७१. म्हणजे पाच टन ओढणारा ट्रक तीन टनांच्या ट्रेलरला कमी पडला, आणि तोही दीडशे-पावणेदोनशे किलोंनी.

ट्रेलर विकणारा यातलं काही बोलत नाही. कितीतरी ट्रेलरच्या माहितीपत्रकावर ‘अर्धा टनी ट्रकने सहज ओढता येईल’ असंच छापलेलं असतं. शेजारी दिलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं. टाकीत पाणी नाही, बऱ्याचदा बॅटरीही नाही, कपाटात ताटली नाही. दीडशे लिटर पाणी भरलं की तिथेच दीडशे किलो वाढले. त्यावर माझे दोन कुकर, पोळपाट-लाटणं, तांदळाची पिशवी. आणि कॅम्पिंगला पोहे-मॅगीवर भागवू असं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-भात हवाच असतो. १९५४ साली हॉलिवूडमध्ये ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा विनोदी सिनेमा आला. नवविवाहित जोडपं ट्रेलर घेऊन निघतं, आणि ल्युसिल बॉल वाटेत आवडतील ते दगड आठवण म्हणून गोळा करत ट्रेलरमध्ये लपवत जाते. पुढे अरुंद घाटरस्ता लागतो. प्रेक्षक हसतात. ट्रेलरवाले जरा कमी हसतात.

मागच्या उन्हाळ्यात माझे वडील आले होते. कराडकडचे. उमेदीच्या काळात त्यांनी ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस घातलेला. पाठीमागे वजन जास्त झालं की चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, पुढची चाकं जमीन सोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आमचा जोडलेला ट्रक त्यांनी एकदा बाजूने, एकदा वाकून मागून बघितला, मागच्या टायरवर बूट टेकवून म्हणाले, “बसलाय की गं खाली.” तेवढ्यावर आम्ही काट्यावर गेलो.

इथे महामार्गालगतच्या मोठ्या ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. तीन लांब पत्रे जमिनीत बसवलेले. पहिल्यावर ट्रकची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलर. उभं राहायचं, खांबावरचं बटण दाबायचं, वरून एक कंटाळलेला आवाज विचारतो, कंपनी कोणती? खाजगी, असं सांगायचं. मग आत जाऊन थोडे डॉलर भरले की स्लिप मिळते. आमच्या मागे अठरा चाकांची रांग, आणि पुढे आम्ही कुत्र्यासह. लोखंडी जोडाने थोडा भार ट्रेलरच्या चाकांकडे परतवला होता, तरी वडिलांना धरून ट्रक मर्यादेच्या दीडशे किलो वर भरला. वडिलांनी स्लिप चष्म्याजवळ नेऊन नीट वाचली आणि विचारलं, “ह्या वजनाचे पैसे कोण देणार?” उलट आपणच दिले, हे कळल्यावर त्यांना अमेरिकेची खरोखर काळजी वाटली. त्यांची उभी हयात काटामारीच्या तक्रारीत गेलेली. तिकडे रात्रभर रांगेत उभं राहून माणूस काट्यावर जातो आणि काटा खरा की खोटा यावर भांडतो. इथे काटा चोख असूनही घरगुती ट्रेलरवाला तिकडे फिरकत नाही. त्याला कोणी जा म्हणतही नाही. महामार्गावरची वजनतपासणी असते ती व्यापारी ट्रकांसाठी.

दीडशे किलोंनी ट्रक मोडून पडत नाही, हे मान्य. पण आमच्याकडून पश्चिमेला जायचं तर आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन आपली जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गमावून बसतं. आणि चढ परवडला अशी गत पलीकडच्या उताराची. सिल्व्हरथॉर्नपर्यंत मैलोगणती सात टक्क्यांचा उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांनी घुसावं म्हणून कडेला मुद्दाम केलेले खडीचे चढ. खंबाटकीत वाढलेल्या माणसाला हे काही नवं नाही, फक्त इथे सगळं ताशी ६० मैलांनी होतं. या उतारावर मला नवऱ्याचं म्हणणं पटतं. पाऊण टनी ट्रकचे ब्रेक मोठे, मागचा आस जाड, स्प्रिंगा ताठ. डिझेल असेल तर इंजिनच एक्झॉस्ट अडवून गाडी धरून ठेवतं आणि पायाखालचे ब्रेक थंड राहतात. मागचं बिऱ्हाड वाऱ्याच्या झोताने हललं तरी पुढचा गडी हलत नाही. जो सव्वातीन टन मागे बांधून हा घाट उतरणार आहे, त्याने थोरला ट्रक जरूर घ्यावा.

पण म्हणून सरसकट ‘मोठा घ्या, प्रश्न मिटला’ म्हणाल तर तिथेही दाराआड डोकवावं लागतं. डिझेल इंजिन जड असतं, त्याचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात ते वेगळेच. शिवाय भरलेल्या गाडीचं वजन कागदावर १०,००० पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या वर गेलं की धंद्यात वापरणाऱ्यांना व्यापारी वाहनांचे नियम लागू होऊ लागतात. म्हणून कंपन्या अनेक पाऊण टनी ट्रक बरोबर १०,००० पौंडांवर आणून ठेवतात. मर्यादा ठरलेली, गाडी स्वतःच जड. मग इंजिन, कातडी खुर्च्या, काचेचं छप्पर यांनी जे खाल्लं ते तुमच्या सामानातून वजा. एकाच आवारात, एकाच रंगाचे दोन ट्रक आम्ही उघडून पाहिले. पेट्रोलवरचा साधा, रबरी चटयांचा, त्याच्या दारावर १,४०० किलोंच्या वरचा आकडा. शेजारी नटलेला डिझेल, किंमत कितीतरी जास्त, आणि दारावर हजाराच्या आतला. विक्रेता त्या वेळी आम्हाला खुर्च्यांचा मसाज दाखवत होता.

आणखी एक गंमत म्हणजे पाऊण टनी ट्रकच्या काचेवर मायलेजचं सरकारी लेबल नसतं. भरलेलं वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या पिकअपना ते लावावंच लागत नाही. छोटी मोटार घेणाऱ्याला गॅलनला किती मैल ते लिहून मिळतं. सगळ्यात जास्त पिणारी गाडी घेणाऱ्याला मात्र काही नाही. मग हा ट्रक वर्षातले काही आठवडे ट्रेलर ओढतो आणि उरलेलं वर्ष एका माणसाला ऑफिसात नि एका पिशवीला किराणा दुकानातून घरी आणतो. त्याचं नाक माझ्या खांद्याशी येतं. महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने २०२३ साली पाहणी छापली: बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. आमच्या गल्लीत शाळा आहे. घाटातली माझी सुरक्षितता मला हवी आहे, पण तिचा भुर्दंड शाळेपुढून चालत जाणाऱ्या पोराने का भरावा?

म्हणून मी घरात म्हणते, आधी ट्रेलर लहान करू. सव्वादोन टनांचा घेतला तर दांडीचा दाब तीनशेच्या आत येतो, जनरेटर घरी ठेवला की आहे तो ट्रक चालतो. त्यावर थोरली लेक म्हणते, मग मी भावाच्या डोक्याशी पाय करून झोपू का? हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तेव्हा मोठा ट्रक येणारच असेल तर साधा पेट्रोलवाला, वापरलेला, आणि रोज वापरायला नाही, एवढ्यावर मी आले आहे. नवरा अजून डिझेलवर आहे.

जर्मनीत मोटारीच्या साध्या लायसन्सवर असा जड ट्रेलर ओढता येत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. इथे बहुतेक राज्यांत सोळा वर्षांच्या पोराला मिळणारं साधं लायसन्स ट्रक आणि ट्रेलर मिळून अकरा टनांच्या वर चालतं. परीक्षा आणा म्हटलं तर अमेरिकेत दंगल होईल. मी तेवढं मागतच नाही. ओढण्याचा आकडा ज्या टायपात छापता, त्याच टायपात शेजारी दारावरचा आकडा छापा, आणि ट्रेलरवाल्यांनी पाणी, गॅस, बॅटरी धरून दांडीचं वजन लिहावं, इतकंच. कंपन्या म्हणतात, प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तो आधी कसा सांगणार? कारखान्यातून गाडी बाहेर पडायच्या आत तोच आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवता येतो, तर किमतीच्या कागदावर चिकटवायला काय अडतं?