व्याज नाही, मुद्दलही नाही

चार वर्षांपूर्वी सांगलीला आईला फोनवर सांगितलं, की नोकरी सोडली आणि आता नव्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालते. तिने विचारलं, "व्याज किती?" म्हटलं, व्याज नसतं. "मग मुद्दल कधी परत?" म्हटलं, परत येईलच असं नाही. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ह्याला दान म्हणतात गं. पावती तरी घेत जा."

बे एरियातल्या आपल्या मंडळींना मात्र ह्यात दान दिसत नाही, बढती दिसते. गणपतीच्या जेवणाला हातात ताट घेऊन रांगेत उभं असताना कुणी तरी ओळख करून देतं, "ही आता एंजल इन्व्हेस्टर आहे बरं का," आणि पाठोपाठ प्रश्न येतोच: "मग पुढे काय? स्वतःचा फंड?" स्टार्टअपमध्ये नोकरी, मग आयपीओ, मग एंजल, मग फंड, अशी शिडीच ठरून गेली आहे. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर चार वर्षं बसून माझं मत असं झालं आहे, की ही शिडी नाहीच. नोकरीत मी जे शिकले ते गुंतवणूकदार म्हणून फारसं कामी येत नाही, आणि जिथे ते कामी येतं तिकडे आपण मंडळी बघतही नाही.

मुळात पैसे आले कसे ते सांगते. २०१३ साली मी चाळीस माणसांच्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले. पगार मोठ्या कंपनीपेक्षा कमी, वर ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्क. पुढे कंपनी शेअर बाजारात आली, शेअर्स विकायला बंदी असते ते लॉक-अपचे १८० दिवस संपले आणि एका सकाळी खात्यावर असा आकडा दिसला, की मी कॅल्क्युलेटर काढून शून्यं मोजली. माझ्याबरोबर एमएस केलेली एक मैत्रीण त्याच वर्षी, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीत लागली होती. अभ्यासात ती माझ्या कितीतरी पुढे. तिची कंपनी तीन वर्षांत गुंडाळली गेली. आमच्या दोघींत फरक होता तो इमारतीचा. पण खात्यावर पैसे आल्यावर हे आठवत नाही. आपल्याला कंपन्या ओळखायची नजर आहे, असं वाटायला लागतं.

कायदाही ह्या समजुतीला खतपाणी घालतो. अशा खासगी गुंतवणुकीसाठी अमेरिकेत सहसा 'ॲक्रेडिटेड' असावं लागतं. म्हणजे राहतं घर सोडून १० लाख डॉलरच्या वर निव्वळ मालमत्ता, किंवा लागोपाठ दोन वर्षं २ लाख डॉलरच्या वर उत्पन्न आणि यंदाही तेवढ्याची खात्री. नवरा-बायको मिळून असेल तर ३ लाख. २०२० मध्ये काही परवानाधारकांना त्यांच्या ज्ञानावर आत घेतलं, एवढंच. बाकी तुम्हाला काय कळतं हे कोणी विचारत नाही, किती आहे ते विचारतात.

पहिला 'चेक' मी स्वयंपाकघरात, कुकरची तिसरी शिट्टी होता होता दिला. चेक हा शब्दच उरला आहे; प्रत्यक्षात फोनवर सही करायची आणि बँकेतून पैसे वळते करायचे. कागद चार-पाच पानांचा, नाव 'सेफ'. वाय कॉम्बिनेटरने २०१३ च्या अखेरीला तो प्रचारात आणला. त्यात व्याज नाही आणि परतफेडीची तारीखही नाही. (आईचे दोन्ही प्रश्न वकिलांनी आधीच निकालात काढले होते.) माझे २५,००० डॉलर, कंपनीच्या किमतीची वरची मर्यादा १ कोटी डॉलर, म्हणजे माझा वाटा पाव टक्का. पुढच्या राउंड्समध्ये नवे शेअर्स निघत जातात, तेव्हा तो अर्धा झाला असं धरू. आता माझ्या पैशांचे दहापट व्हायचे तर ती कंपनी २० कोटी डॉलरला विकली जायला हवी, आणि तेही मोठ्या गुंतवणूकदारांनी आपला अग्रहक्क आधी वसूल केला नाही तर. बहुतेक कंपन्या त्याच्या आसपासही पोचत नाहीत. बुडाले तर, दुसरीकडे भांडवली नफा नसेल, तेव्हा साधारणपणे वर्षाला ३,००० डॉलरच पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात. हे गणित सहावीतल्या मुलाला जमेल. मी ते पाचव्या कंपनीनंतर केलं.

ह्यावर उत्तर म्हणून अँडी बेख्टोल्सहाइमची गोष्ट हमखास ऐकवली जाते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये त्याने गूगलच्या नावाने १ लाख डॉलरचा चेक फाडला, तेव्हा ती कंपनी कागदोपत्री जन्मलीही नव्हती. गोष्ट खरी आहे. पण बेख्टोल्सहाइम म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक (आणखी एक विनोद खोसला, पुण्यात जन्मलेले, हे पुणेकर सांगतीलच). यंत्रं कशी बांधायची हे त्याला हाडामांसात ठाऊक होतं. आणि चेक फाडून विसरून जायला त्याला परवडत होतं. आपल्या पोरांच्या कॉलेजच्या पैशांना ती गोष्ट लागू होत नाही.

माझा उपयोग झाला तो एकदाच, हे मला नक्की माहीत आहे. एका कंपनीचा डेटाबेस हलवताना रात्री अडकला. संस्थापक मुलाने अकराला फोन केला. मी पहाटे दोनपर्यंत त्याच्याबरोबर लॉग वाचत बसले, कारण तोच घोळ मी २०१५ मध्ये निस्तरला होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुमचे पैसे कोणीही दिले असते. बोलणं तिरकस नव्हतं, हिशेब होता. पण अकरा कंपन्यांत पैसे घातल्यावर असे अकरा फोन घेता येत नाहीत. पैसे वाटत सुटल्यामुळे मी पैशांपुरतीच उरले.

इथे एक अपवाद मान्य करायला हवा. आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं एच-वन-बी व्हिसावर आहेत. त्यांना दुसऱ्याच्या कंपनीत पैसे घालता येतात, पण तिथे सहजासहजी काम करता येत नाही. त्यांच्यासाठी गुंतवणूक हीच एक खिडकी उघडी आहे, आणि ती त्यांनी का बंद ठेवावी? माझं भांडण ग्रीन कार्ड हातात असलेल्या माझ्यासारख्यांशी आहे.

फंडाबद्दल फार लिहीत नाही. दहा वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळायचे, वर्षाला साधारण दोन टक्के खर्चाला आणि नफ्यात वीस टक्के. पण ते पैसे आणायचे कुठून? आपल्या ओळखीतून, म्हणजे ह्याच जेवणाच्या रांगेतून. भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर येतो.

मग मराठी पोरांच्या पाठीशी कोणी उभं राहायचं, असं विचारलं जाईल. उभं राहावंच, पण शाळेच्या पार्किंगमध्ये. रविवारी आपल्या मराठी शाळेबाहेर पालक गाडीत बसून असतात. तिथे मागच्या वर्षी नाशिकच्या एका मुलीने मला ऑफर लेटर दाखवलं: ४०,००० ऑप्शन्स. खूश होती. मी विचारलं, एकूण शेअर्स किती? तिला माहीत नव्हतं, विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं. एकूण १ कोटी असतील तर तिचा वाटा ०.४ टक्के, १० कोटी असतील तर नखाएवढा. आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन्स विकत घ्यायला बहुतेक ठिकाणी ९० दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत तर चार वर्षांची कमाई मातीमोल. हे मी फोडणीच्या तेलासारखं अंगावर उडवून घेऊन शिकले आहे. कुठल्याही पिच डेकमध्ये मला इतकं कळत नाही. तिला माझी वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांची किंमत माझ्या अकरा सह्यांपेक्षा जास्त होती असं मी छातीठोक म्हणेन.

तेव्हा 'पुढे काय' ह्याचं माझं उत्तर रांगेतल्या मंडळींना जरा पडेल वाटेल. मी नोकरी धरली आहे. डेटाबेसवाल्या त्याच मुलाच्या कंपनीत, नववी कर्मचारी म्हणून. पगार २०१३ ची आठवण करून देणारा. एकूण शेअर्स किती, हे सही करायच्या आधी विचारलं. आणि ह्या वेळी ऑप्शन्स हक्काचे व्हायची वाट न बघता पहिल्याच दिवशी विकत घेतले. असे शेअर्स घेतले की ३० दिवसांच्या आत '८३ (ब)'चा कागद करखात्याला पोचवायचा असतो, म्हणजे कर आजच्या किमतीवर ठरतो. मागच्या वेळी ह्यातलं काहीच मी केलं नव्हतं, आणि त्याचा भुर्दंड किती पडला ते नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

हल्ली तो कागद ऑनलाइनही भरता येतो म्हणे. मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी सर्टिफाइड मेलचा शिक्का मारला, हिरवा-पांढरा कागद माझ्या हातात दिला. त्याचा फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच मेसेज आला, "पावती घेतलीस ना? बरं केलंस."